जागा विकणे नाही

मोरेनिकेला पावाची भट्टी टाकायची होती आणि भट्टीला जागा हवी होती. नवऱ्याच्या, म्हणजे फोलोरुन्शोच्या, एपे रस्त्यावरच्या प्लॉटवर भट्टी मावत नव्हती, पण त्याला लागूनच सिकिरूबाबांचा प्लॉट होता. म्हाताऱ्याशी तोंडी सौदा झाला; शुक्रवारी पैसे द्यायचे ठरले.

लागोसात मोकळी जमीन दिसली, की कुणीतरी भामटा ती परस्पर विकून मोकळा होतो. म्हणून फोलोरुन्शोने रीतीप्रमाणे आपल्या कुंपणाच्या भिंतीवर लाल रंगात रंगवलं, 'ही जागा विकणे नाही. भामट्यांपासून सावधान!' पण हौस दांडगी. अक्षरं त्याने पुरुषभर उंचीची काढली.

सकाळीच एक एजंट थबकला. "एवढं ओरडून नाही म्हणतोय? याला आतली खबर लागलीय!" दुपारपर्यंत त्या खबरेचा विमानतळ झाला. भिंतीसमोर मोटारी लागल्या.

सिकिरूबाबा टोपी सावरत आले. "सौदा मोडला. भाव तिप्पट."

"बाबा, कसला विमानतळ? इथं अजून गटार आलं नाही!"

"तू विकत नाहीस नि मी विकू? मला काय खुळा समजलास?"

मोरेनिके नवऱ्यावर कडाडली, "तोबीचे बाबा, घाला आता त्या अक्षरांतच माझी भट्टी!"

बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं. "विकूनच टाकतो ही पीडा," म्हणत तो तिरीमिरीत गेला आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरांत रंगवून आला, 'विकणे आहे. तातडीने.'

मोटारी गुल झाल्या. कोर्टात भांडण असल्याशिवाय लागोसात कोण तातडीने विकतं? एजंट म्हणाला, "विमानतळ कसला! खाडीचं पाणी इकडे वळवणारेत." संध्याकाळी सिकिरूबाबा धापा टाकत दारात.

"पोरा, माणसानं शब्दाला जागावं. जुनाच भाव, पण आजच घे!"

"पण बाबा, ते पाणीबिणी काही..." फोलोरुन्शोने तोंड उघडलं. मोरेनिकेने त्याच्या पायावर पाय दिला.

"घेतो, बाबा! तुमच्या शब्दाबाहेर आहोत का आम्ही?"

म्हातारा खूश. मशिदीपासून बाजारापर्यंत सांगत सुटला, "वाचलो! बुडीत जमीन त्या येड्याच्या गळ्यात मारली!"

भट्टी झकास चालली आहे. भिंतीवर आता एक अक्षर नाही आणि तरी जागेला राखणदार लागत नाही. एपे रस्त्यावरचे भामटे गिऱ्हाइकाला आधीच बजावतात, "ती भट्टीची सोडून बोला, साहेब. फसवायची आमची रीत नाही."