त्रिकोणातल्या अकरा झाऱ्या

"मी जिवंत असेपर्यंत या बागेतलं एक पानही सुकणार नाही!"

डॉक्टरांनी टेबलावर मूठ आपटून हे जाहीर केलं, आणि उद्यान मंडळाच्या उरलेल्या दहा सभासदांनी कडाडून टाळ्या वाजवल्या. टाळ्या अगदी मनापासून होत्या. कारण डॉक्टरांच्या घरच्या गॅलरीत आजवर चार निवडुंग पाण्यावाचून मेले आहेत, हे त्यांच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे. चाळीस वर्षं लोकांनी त्यांच्यापुढे आ वासला. निवृत्त झाले आणि चित्र पालटलं. आता घरात तोंड उघडायची चोरी त्यांनाच! स्वयंपाकघरात डोकावून "गॅस जरा बारीक कर" एवढं म्हणायचा अवकाश, डॉक्टरीणबाई अशा बघायच्या की भूल न देता दाढ उपटल्यासारखं व्हायचं. त्यांचं ऐकून घेणारी एकच जागा उरली होती, ती म्हणजे मंडळ. आणि मंडळाची सगळी इस्टेट म्हणजे ग्रंथालयासमोर तीन रस्ते मिळतात तिथला त्रिकोणी तुकडा.

वर्षापूर्वी तिथे कचऱ्याचा डोंगर होता. मंडळानं तो उपसला, दोन बाकं टाकली. आता पेपर वाचणारे, नातवंडांना शाळेतून आणणारे, घरात भांडून तरातरा बाहेर पडलेले, असे सगळे तिथे टेकायचे. पण नगरपालिकेला त्या जागी स्कूटर उभ्या करायच्या होत्या! पत्र स्वच्छ होतं: महिन्यानं उद्यान अधिकारी पाहणीला येतील. फुलं दिसली तर बाग, नाहीतर वाहनतळ.

मंडळानं झेंडूची तीनशे रोपं लावली. डॉक्टरांनी पाणी घालायच्या पाळ्यांचा तक्ता केला. रोज एक सभासद, एक तारीख, एक झारी. तक्ता सुरेख होता. त्यात खोट म्हणाल तर एकच. त्यात दुसऱ्यांची नावं होती.

"बारा तारखेला टेलरमास्तर!" डॉक्टर घरी येऊन कपाळाला हात लावून बसले. "अगं, त्या माणसावर बाग सोडायची? मुलीच्या लग्नासाठी पँट शिवायला टाकली होती, ती नातू रांगायला लागला तेव्हा मिळाली!"

"मिळाली ना? मग झालं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

पण डॉक्टरांच्या जिवाला चैन पडेना. दुसऱ्या दिवसापासून ते रोज पहाटे साडेपाचला गुपचूप झारी घेऊन निघाले.

इकडे मंडळाच्या सचिव मोठ्या बाई, म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका, यांचा डॉक्टरांवर काडीचा विश्वास नव्हता. "'दोन मिनिटं हं' म्हणून मला आ करून बसवलं आणि बाहेर जाऊन क्रिकेटचा स्कोअर ऐकत बसले! हे काय पाणी घालणार?" त्या शाळा सुटल्यावर चारला यायच्या. टेलरमास्तरांची खात्री होती की बाई फक्त हुकूम सोडतील, झारी काही उचलणार नाहीत. ते दुपारी दुकान बंद करून यायचे. उरलेल्या आठांचे एकमेकांबद्दलचे विचारही असेच थोर होते. थोडक्यात, बागेला रोज अकरा वेळा पाणी मिळू लागलं. माती ओली दिसली की प्रत्येकाला वाटायचं, हे आपलंच कालचं!

दोन आठवड्यांत पानं पिवळी पडली. तातडीची सभा भरली.

"कोणीतरी पाळी चुकवतंय!" डॉक्टर गरजले.

"मी माझ्या तारखेशिवाय तिकडे फिरकलेलोसुद्धा नाही," टेलरमास्तर म्हणाले. "तक्ता म्हणजे तक्ता."

"मास्तर, पायजम्याला गुडघ्यापर्यंत हे काय लागलंय?" मोठ्या बाईंनी चष्म्यावरून विचारलं.

"डिझाइन आहे. नवीन आलंय."

सगळ्यांनी एकमेकांकडे संशयानं पाहिलं, आणि 'रोपं तहानलेली आहेत' असा ठराव एकमतानं मंजूर झाला. त्या दिवसापासून प्रत्येकजण दोन झाऱ्या घेऊन येऊ लागला! तिसऱ्या आठवड्यात बेडूक आले. ते आनंदात होते. चौथ्यात एक बाक वीतभर खचलं, आणि पेपर वाचायला बसलेल्या आजोबांचे गुडघे हनुवटीला टेकले.

पाहणीचा दिवस उजाडायच्या आत डॉक्टर शेवटचं पाणी घालायला दोन बादल्या घेऊन पोचले. बघतात तो बागेत सावल्या!

"कोण आहे तिकडे?"

"आधी तुम्ही कोण ते सांगा!" मोठ्या बाईंचा वर्गातला आवाज आला. त्यांच्या हातात ग्रंथालयाच्या नळाचा पाइप होता. पलीकडे टेलरमास्तर इस्त्रीच्या कपड्यांवर मारायच्या बाटलीनं फुस्स फुस्स करत होते. त्यांच्यामागे आठ झाऱ्या. आणि कोपऱ्यात किटली घेऊन उभी असलेली ती बाई...

"तू? अगं, तू तर सभासदसुद्धा नाहीस!"

"ही जागा गेली तर तुम्ही दिवसभर घरात बसाल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा नाही!"

डॉक्टर खाली वाकले, एक रोप दोन बोटांत धरलं. ओढायचीही गरज पडली नाही. पिकलेल्या हिरडीतून दात यावा तसं ते अलगद हातात आलं. मूळ काळं ठिक्कर. डॉक्टर खचलेल्या बाकावर मटकन बसले.

"चाळीस वर्षांत एवढं कुजलेलं मूळ पाहिलं नव्हतं," ते पुटपुटले. "आपणच मारलं हो सगळं."

"रडायला नंतर वेळ आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "घरी फुललेली कुंडी कोणाकोणाकडे आहे? हात वर!"

नऊ वाजेपर्यंत त्या चिखलात गुलाब, शेवंती, जास्वंद, जे काय कोणाच्या गच्चीत होतं ते कुंडीसकट रोवलं गेलं. एका कुंडीवर 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा' ही पट्टी तशीच होती.

साडेनऊला अधिकारी आले. काखेत फाइल, पायात चकचकीत बूट.

"अरे वा! महिन्यात गुलाब?"

"खत चांगलं आहे," टेलरमास्तर म्हणाले.

"जरा जवळून बघतो."

"नको!" बारा आवाज एकदम उठले, पण साहेबांचा डावा पाय गुडघ्यापर्यंत आत गेला होता!

इथे डॉक्टरांमधला डॉक्टर जागा झाला. त्यांनी साहेबांना काखेत धरलं. "घाबरू नका, अजिबात दुखणार नाही! आधी थोडं डावीकडे... आता उजवीकडे... श्वास सोडा..." आणि एक दणदणीत 'पच्च' असा आवाज होऊन साहेब बाहेर आले. बूट आला नाही.

पाठीमागे कुंड्या एकेक करून खाली चालल्या होत्या. वाढदिवसाच्या शुभेच्छा सगळ्यात आधी बुडाल्या. साहेबांनी ते एका पायावर उभं राहून पाहिलं, फाइलमध्ये दोन ओळी लिहिल्या आणि लंगडत निघून गेले.

आठवड्यानं नगरपालिकेचं पत्र आलं. डॉक्टरांनी ते मंडळापुढे उभं राहून वाचलं.

"'सदर जागेची पाहणी केली असता जमीन इतकी मऊ आढळली की, तेथे उभी केलेली स्कूटर मालकास परत मिळेलच अशी हमी देता येत नाही. सबब वाहनतळाचा प्रस्ताव कायमचा रद्द करण्यात येत असून जागा उद्यान मंडळाकडेच राहील!'"

खुर्च्या उडाल्या. टेलरमास्तरांनी मोठ्या बाईंशी चक्क हस्तांदोलन केलं. दारात उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाईंनी सुटकेचा निःश्वास टाकला. डॉक्टरांची छाती फुगली.

"मित्रहो! हा निष्ठेचा विजय आहे! हा शिस्तीचा विजय आहे! पुढच्या पिढ्या या त्रिकोणापाशी थांबतील आणि म्हणतील..."

"डॉक्टर," मोठ्या बाई पत्रात डोकावून म्हणाल्या, "खाली पेनानं आणखी काहीतरी लिहिलंय."

डॉक्टरांनी चष्मा सरळ केला आणि त्याच भारदस्त आवाजात वाचलं:

"'ता. क. डावा बूट वर आल्यास कृपया कळवावे. तपकिरी, आठ नंबर. उजवा मी अजून टाकलेला नाही.'"