चमच्याचा वाफा

निवृत्तीनंतरच्या तिसऱ्याच आठवड्यात हेडक्लार्कांनी स्वयंपाकघरातले सगळे डबे उंचीनुसार लावले, आणि त्या संध्याकाळी बायकोने त्यांना मिठाचा चहा दिला.

“चहा खारट आहे,” हेडक्लार्क म्हणाले.

“साखरेच्या जागी मीठ ठेवल्यावर आणखी कसा होणार?”

“सवय होईल.”

“मला या जन्मात सवय व्हायची नाही,” बायको म्हणाली. “आणि तुम्ही उद्यापासून कुठेतरी जा.”

“कुठे?”

“ते तुमचं तुम्ही बघा. मी फक्त ‘जा’ एवढंच ठरवलंय.”

हेडक्लार्कांचा यात दोष नव्हता. त्यांची सगळी नोकरी रेकॉर्डच्या खोलीत गेली होती. तिथे त्यांच्या हाताखाली दोन पंखे आणि बारा कपाटं होती आणि त्यांतलं कोणीही उलट बोलत नसे. घरी मात्र प्रत्येक वस्तूला एक मालक निघत होता. पाहुण्यांच्या चपला त्यांनी नंबरानुसार लावल्या, तेव्हा मेहुणा दुसऱ्याच्या चपला घालून गेला आणि आजतागायत त्यावर बोललेला नाही.

शेवटी बायकोनेच एक जागा शोधून काढली. वसाहतीच्या मागे सगळ्यांनी मिळून चालवलेली एक शेती होती. तिथे ज्याला जे जमत नाही, त्याच्याभोवती शेत फिरवून घेतलेलं होतं. शेत सांभाळणाऱ्या ताई चाकाच्या खुर्चीत बसत, म्हणून वाफे त्यांच्या कोपरापर्यंत उचललेले होते आणि वाटा खुर्ची वळेल एवढ्या रुंद होत्या. पाणी घालणारी मुलगी लहानपणापासून सावकाश शिकणारी आणि शिकलेलं अजिबात न विसरणारी. तिच्या हातांना पेलतील अशा छोट्या झाऱ्या होत्या, आणि ती सगळ्यांवर हुकूम सोडायची म्हणून तिला मॅडम म्हणत. ज्यांना सगळं जमतं असेही लोक मदतीला येत, पण त्यांच्यावर जरा लक्ष ठेवावं लागे.

“महिनाभर शनिवारी या,” ताईंनी सांगितलं होतं. “मग बघू, तुम्हाला आम्ही झेपतो का, आणि आम्हाला तुम्ही.”

“तिथूनही परत पाठवलं,” बायकोने घरी बजावलं, “तर मी भावाकडे निघून जाईन.”

भावाकडे एक भुंकणारा कुत्रा होता आणि बायकोला कुत्र्यांची भीती वाटे. त्यामुळे धमकी गंभीर होती.

पहिले काही शनिवार हेडक्लार्क अवजारांच्या खोलीत होते. त्यांनी फावडी उंचीनुसार लावली, खुरपी रुंदीनुसार लावली, आणि एक घमेलं कशातच बसेना म्हणून त्याला वेगळा कोपरा दिला. कोणी काही बोललं नाही. उलट ताई म्हणाल्या, “वा!” हेडक्लार्कांना इतकं बरं वाटलं, की तो ‘वा’ त्यांनी घरी नेऊन बायकोला ऐकवला.

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी त्यांना पहिल्यांदा वाफ्यांकडे पाठवलं. आज काय तो निर्णय होणार होता. ताई आणि मॅडम चहाच्या शेडमध्ये होत्या. हेडक्लार्क एकटेच फिरत होते. आणि तेव्हा त्यांना ती दोरी दिसली.

शेताला गोल फेरी मारून पुन्हा स्वतःलाच येऊन मिळणारी, कमरेएवढ्या उंचीची दोरी. आणि तिच्यावर कचरा. एका वाफ्यापाशी जेवणाचा चमचा लटकत होता, दुसऱ्यापाशी किल्ली नसलेलं कुलूप. पुढे चहाचं फाटकं गाळणं, पितळी घंटा, टूथब्रश. आणि एक मोजा. एकच.

एकटा मोजा बघून हेडक्लार्कांनी आजूबाजूला त्याचा जोडीदार शोधला. वाऱ्याने उडून अडकलं असणार सगळं, असं त्यांनी ठरवलं. कुलूप उडवणारा वारा कसा असतो, हा प्रश्न त्यांना पडला नाही, कारण ते तेव्हा आवरण्याच्या आनंदात होते. त्यांनी सगळ्या वस्तू सोडवल्या, नळावर साबणाने घासल्या, पुसल्या, आणि लहान ते मोठी अशा क्रमाने एका खोक्यात ठेवल्या. मोजा पिळून त्याची घडी केली.

तेवढ्यात ताई खुर्ची वळवत आल्या. “अहो, मास्तर येतायत. त्यांना सांगा, आज चमच्याच्या वाफ्यापासून सुरुवात करा म्हणावं.”

“कशाच्या?”

“चमच्याच्या. मास्तरांना दिसत नाही ना, ते दोरी धरून चालतात. चमचा हाताला लागला की टोमॅटो, कुलूप लागलं की मुळा. आपलं शेत त्यांच्या तळहातावर आहे. तुम्हाला काय झालं?”

“ऊन लागलं.”

“ढग आहेत.”

“म्हणूनच,” हेडक्लार्क म्हणाले आणि नळाकडे पळाले. अशा वेगाने ते नोकरीत कधी पळाले नव्हते, पगाराच्या दिवशीसुद्धा.

आता कोणती वस्तू कुठे होती हे त्यांना आठवेना. आयुष्यभर त्यांनी वस्तू कुठे *असाव्यात* एवढंच बघितलं होतं, कुठे *आहेत* ते कधी बघितलंच नव्हतं. फाटक वाजलं. हेडक्लार्कांच्या हातांना एकच क्रम येत होता आणि हातांनी तो वापरला. लहान ते मोठी.

मास्तर आले. पूर्वी पेटी शिकवायचे, आता टोमॅटोंना शिस्त लावायचे. गुणगुणत त्यांनी दोरी धरली. हाताला चमचा लागला. त्यांनी वाफ्यात हात घातला, पान चाचपलं आणि गुणगुणणं थांबलं.

“मुळा,” ते म्हणाले.

पुढे कुलूप लागलं. पान हुंगलं. “टोमॅटो?”

टूथब्रशपाशी त्यांना गाजर भेटलं. तसे ते दोरी सोडून टाकीजवळच्या बाकावर जाऊन काठीवर हनुवटी टेकून बसले. दोरी चुकली असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. ती इतकी वर्षं कधी चुकली नव्हती. चुकतात ती माणसं.

हेडक्लार्कांना सरळ जाऊन सांगता आलं असतं. पण डोळ्यांसमोर बायको बॅग भरताना दिसत होती आणि मागे कुत्रा भुंकत होता. गुपचूप सगळं जागेवर ठेवावं, असं त्यांनी ठरवलं. त्यांनी मॅडमला शेडमागे गाठलं.

“मॅडम, समजा, नुसतं समजा हं, चमचा कुठे असतो?”

“टोमॅटोला. कुलूप मुळ्याला. गाळणं गाजराला. घंटा पालकाला. ब्रश पुदिन्याला. मोजा कोबीला.” मॅडमने एका दमात सांगितलं. “तुम्ही का विचारताय?”

“सहज.”

“सहज विचारलं तर दोन बिस्किटं.”

हेडक्लार्कांनी स्वतःची दिली. मग ते वाकून वाफ्यांमागून गेले आणि मुळ्यावरचा चमचा काढून टोमॅटोवर बांधू लागले, तर तिथे आधीच एक चमचा होता.

झालं असं होतं, की मास्तरांचा चेहरा ताईंनी लांबून बघितला होता. त्यांनी खुर्ची वळवली, टोमॅटोवरचं कुलूप त्यांना दिसलं, आणि कोणाला बोल न लावता त्यांनी कुलूप काढून मांडीवर घेतलं आणि चहाच्या शेडमधला चमचा तिथे बांधून टाकला. शहाण्या माणसाला सुचेल असंच ते होतं. हेडक्लार्कांनी दोन चमचे बघितले आणि घाबरून आपलाही तिथेच सोडून दिला.

मग झारी घेऊन मॅडम आली. एका वाफ्याला एकच वस्तू, हा नियम तिनेच केलेला होता. चमच्याच्या वाफ्याला दोन झाऱ्या पाणी असे, मग दोन चमचे म्हणजे दोन झाऱ्या की चार, हे ठरेना. तिने दोन्ही चमचे काढून खिशात घातले आणि निघून गेली.

मास्तर उठले. पुन्हा एकदा बघावं, असं त्यांनी मनाशी ठरवलेलं दिसत होतं. दोरी धरून ते टोमॅटोपाशी आले, वासाने ओळखलं, आणि दोरीवरून हात फिरवला. मागे फिरवला. पुढे फिरवला.

“ताई,” त्यांनी हाक मारली. आवाज शांत होता आणि तेच वाईट होतं. “सकाळी इथे कुलूप होतं. आता काहीच नाही. पण तसं कसं असेल? म्हणजे माझंच काहीतरी बिघडलंय.”

“मास्तर, तसं नाहीये...”

“असू दे. मुलगा म्हणतोच, बाबा, आता एकटे राहू नका, माझ्याकडे या. मीच टाळत होतो. म्हटलं, जोवर शेत लक्षात आहे तोवर डोकं शाबूत आहे.” त्यांनी खिशातून फोन काढला. “त्याच्याकडे बाल्कनी आहे. तिथे एक कुंडी आहे. फुलं प्लॅस्टिकची आहेत, पण मी पाणी घालीन.”

प्लॅस्टिकच्या फुलांना पाणी घालणारे मास्तर हेडक्लार्कांना स्पष्ट दिसले. बायकोची बॅग आणि कुत्रा त्यांच्यामागे कुठेतरी गेले. फोनची रिंग जात होती. हेडक्लार्क वाकलेले होते तिथून उठले, कोबीला वळसा घालायचं विसरून कोबीच्या वाफ्यावरूनच चढून आले, आणि त्यांनी मास्तरांच्या हातातून फोन घेतला.

“हॅलो, बाबा?” पलीकडून आवाज आला.

“बाबा नाही. मी हेडक्लार्क बोलतोय. तुमच्या वडिलांचं डोकं ठिकाणावर आहे. माझं नाही. त्यांच्या दोरीवरच्या सगळ्या वस्तू मी काढल्या, घासल्या आणि चुकीच्या जागी लावल्या. नमस्कार.”

फोन बंद केला. मग तो मास्तरांच्या हातात परत दिला.

“म्हणजे,” मास्तर सावकाश म्हणाले, “चमचा खरंच मुळ्यावर होता?”

“हो.”

“आणि टोमॅटोवर कुलूप?”

“हो.”

“तेव्हाच मला कळायला हवं होतं! चमचा गुळगुळीत लागला. इथे कोणी काही धुतं का कधी? म्हणजे मी वेडा नाही!”

“नाही.”

“वेडे तुम्ही आहात!”

“हो,” हेडक्लार्क म्हणाले.

मास्तरांनी काठी टाकली, चाचपत त्यांचे दोन्ही हात धरले आणि पंपाच्या दांड्यासारखे वरखाली हलवले. “फार उपकार झाले हो तुमचे! अहो, मी तर सामान बांधत होतो मनातल्या मनात! ताई, ऐकलंत का? हा माणूस मूर्ख आहे! किती बरं झालं!”

हेडक्लार्कांना मूर्ख म्हणून याआधीही काहींनी ओळखलं होतं, पण इतक्या प्रेमाने कोणी नाही. त्यांचे डोळे भरून आले.

“दुसरा चमचा माझा होता,” ताई खुर्चीच्या हाताकडे बघत म्हणाल्या. कुलूप अजून त्यांच्या मांडीवर होतं.

“आणि मी दोन्ही काढले,” मॅडम म्हणाली. “मला कोणी ओरडायचं नाही. नियम आहे.”

मास्तर हसत हसत मागे सरले आणि वाफ्याच्या काठावर बसले, तेही पुदिन्यात. हसणं ओसरेना. फोन वाजला, मुलगा काळजीने विचारत होता की नक्की झालं काय, आणि मास्तर त्याला एवढंच सांगू शकले, की “मोजासुद्धा धुतलाय रे!”

हेडक्लार्कांनी हळूच आपली पिशवी उचलली. “बरंय मग. निघतो मी.”

“कुठे?” ताईंनी विचारलं.

“महिना झाला ना. निर्णय...”

“निर्णय मी देते,” मॅडम म्हणाली आणि तिने हात पुढे केला. “तुमचं पेन द्या.”

नोकरी सुटली तरी हेडक्लार्कांच्या खिशाला पेन असायचं. त्यांनी दिलं. मॅडम फाटकाजवळच्या रिकाम्या वाफ्यापाशी गेली आणि तिने पेन दोरीला बांधलं, दोन गाठी मारून.

“हा तुमचा वाफा. शनिवारी यायचं. साबण आणायचा नाही.”

“उत्तम,” मास्तर म्हणाले. “पेन हाताला लागलं की मी समजेन, इथून सावध राहायचं.”

संध्याकाळी हेडक्लार्क घरी पोचले, तेव्हा बायको शेजारी गेली होती. ते स्वयंपाकघरात उभे राहिले. कट्ट्यापाशी उभं राहून न बघता हात मागे नेला, की जिथे पोचतो तिथे पूर्वी साखर असायची. बायको कधीच बघत नसे. इतकी वर्षं तिचीही एक दोरी होती, आणि ती त्यांनी महिन्यापूर्वी उंचीनुसार लावली होती.

तो जुना गोंधळ मात्र त्यांना पाठ होता. रोज बघून त्यांचा जीव तुटत होता ना. त्यांनी एकेक डबा उचलला आणि पूर्वीच्या जागी ठेवला. बुटका उंचापुढे, गोल चौकोनी डब्याला चिकटून, आणि मीठ तिकडे टोकाला. बघवत नव्हतं. त्यांनी डोळे मिटून शेवटचा डबा ठेवला आणि बाहेरच्या खोलीत येऊन बसले. काही बोलायचं नाही, तिचं तिला कळू दे, असं त्यांनी ठरवलं.

बायको आली. “ठेवलं का तिथे तुम्हाला?”

“ठेवलं,” ते म्हणाले. “दोरीला बांधून.”

“बरं झालं.” तिच्या आवाजातच बॅग रिकामी झालेली कळली. “थांबा, चहा टाकते.”

आत भांडी वाजली. बायको गाणं गुणगुणत होती. तिने न बघता हात तिकडे टोकाला नेला, सवयीने, महिनाभरात मोठ्या कष्टाने लागलेल्या नव्या सवयीने, आणि दोन चमचे भरून घातले.

हेडक्लार्कांनी पहिला घोट घेतला. मग कपाकडे बघितलं, आणि मग बायकोकडे. ती दमून, समाधानाने समोर बसली होती.

“कसा झालाय?”

“फार छान,” हेडक्लार्क म्हणाले, आणि त्यांनी कप तळापर्यंत रिकामा केला. मग बायकोने तोंडाला लावायच्या आत तिचाही उचलला.