नवरदेवाविना बैठक

एम.ए.च्या वर्गात गुणात्मक संशोधनाचे तास सुरू झाले आणि रत्नपाल छापील प्रश्नावल्यांकडे तुच्छतेने पाहू लागला. करुणा मॅडमनी सांगितलं होतं, लोकांत जाऊन बसा, त्यांचा चहा प्या, ते विचारतील त्याची खरी उत्तरं द्या; विश्वास आपोआप बसतो. रत्नपालने विषय घेतला, लग्न कसं जुळतं. साऱ्या वर्गात आपलंच काम उजवं ठरणार, याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती.

जवळा बाजार या गावी एसटीतून उतरून त्याने हॉटेलवाल्याला विचारलं, गावात सोयरिकीची बोलणी कुणाकडे चालू आहेत. हॉटेलवाल्याने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि पुंजाजींचं घर दाखवलं.

जय भीम झाला. पुंजाजींनी ओसरीवर सतरंजी टाकली.

"लग्न कसं जुळतं, ते समजून घ्यायला आलो," रत्नपाल म्हणाला.

"बराबर हाय," पुंजाजी म्हणाले. "आजकाल पोरं सोताच येऊन राहिले. त्यात वावगं काही न्हाई."

हे विधान रत्नपालला फार मोलाचं वाटलं. मग पुंजाजींच्या बायकोने, पद्माबाईंनी, त्याचं शिक्षण विचारलं, भावंडं विचारली, कळमनुरीचा म्हटल्यावर मामाचं गावही विचारलं. त्याने सगळं खरं सांगितलं. मागितला तसा वडिलांचा नंबरही दिला. पुंजाजी फोन घेऊन अंगणात गेले. विश्वास भराभर बसत होता.

पोहे आले. ते घेऊन आलेल्या आपल्या मुलीला, साक्षीला, पद्माबाईंनी समोर बसवलं, तेव्हा तर रत्नपाल हरखलाच. पहिल्याच दिवशी मुलगी पाहण्याचा कार्यक्रम डोळ्यांदेखत! नवरदेव अजून कसा आला नाही, एवढंच कोडं होतं.

ते दुपार कलल्यावर सुटलं. कडक इस्त्रीचा सदरा घालून भीमराज, म्हणजे रत्नपालचेच वडील, दोन काकांसह जीपमधून उतरले. पोराने स्वतःच घर पाहिलं म्हणून ते खूश होते.

वडीलधाऱ्यांनी रत्नपाल आणि साक्षीला बोलायला परसात धाडलं. घामाघूम रत्नपालने खरं काय ते साक्षीला सांगून टाकलं.

तिने शांतपणे ऐकलं. "म्हंजे तुमच्या अभ्यासात मी बी आले. मला इचारलं होतं?"

"न्हाई."

"मग माझा नकार लिहून घ्या."

आत जाऊन तिने पोरगं चांगलं आहे पण पसंत नाही, एवढंच सांगितलं. अभ्यासाचं नाव काढलं नाही.

परतीच्या वाटेवर भीमराज म्हणाले, "आपल्यात काय कमी होतं रे?" लग्नाचा विचारही न केलेल्या रत्नपालला तोच प्रश्न पडला होता आणि तो काही केल्या जाईना.

वर्गात त्याने काहीही न लपवता सगळं मांडलं. पोरं पोट धरून हसली. अभ्यास पूर्ण झाला का, असं मॅडमनी विचारलं.

"न्हाई मॅडम. नकार काहून दिला, ते राहिलं. परत जावं लागंल."

"मग या वेळी आधी परवानगी घ्या."

त्याने बाहेर येऊन पुंजाजींना फोन लावला आणि साक्षीशी बोलायचं आहे म्हणाला. परत आलो तर चालेल का, असं त्याने तिला रीतसर विचारलं.



"या," ती म्हणाली. "संशोधन तेवढं घरी ठेवा."