रामटेके काकांचा वाडगा

चित्राखाली चौकट आखून तीत ‘तपासले’ असे लिहिणारा चित्रकार आमच्या हुडकेश्वरात एकच : रामटेके काका. त्या चौकटीत दुसऱ्या कोणाची सही होईपर्यंत ते चित्र पूर्ण मानीत नाहीत. कोराडीच्या वीजकेंद्रात उभी नोकरी नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे जलरंगातल्या फुलालाही ते मिलिमीटरमध्ये माप देतात.

विषय ठरलेला : चिनीमातीचा दह्याचा वाडगा. दुधाळ अंगावर निळी वेल, वेलीवर गेरूच्या रंगाची फुले. दर शनिवारी चित्राची सुरळी सायकलला बांधून काका इतवारीतल्या भांड्यांच्या दुकानांतून हाच वाडगा शोधत फिरतात. दुकानदार आता दुरूनच हात हलवतात.

“काका, मेलामाइनचा न्या. पडला तरी फुटत नाही.”

“मले मजबूत नाही पाहिजे गा. हाच पाहिजे.”

तो वाडगा काकूंचा. त्यांच्या अखेरच्या आजारपणात काका पहिल्यांदा भांडी घासायला बसले आणि पहिल्याच दिवशी तो फुटला. अंथरुणावरून काकू हसल्या होत्या, “आता असाच आणा. तवाच दही लावीन.” आठवड्याभरात त्या गेल्या.

परवा आभाळ राखेसारखे छपरांवर टेकलेले असताना काका नवे चित्र घेऊन आले.

“ताई, तुमच्याकडे विरजण याच वाडग्यातून यायचं. पाकळ्या पाच होत्या का सहा? मले आठवून नाही राहिलं.”

मी डोळे मिटले. पाकळ्या आठवल्या नाहीत. आठवला तो मातीचा गारवा, दह्याचा आंबूस वास, आणि रिकामा कसा द्यायचा म्हणून साखर घालून वाडगा परत करताना अंगठ्याला लागणारी खरखर.

“काका, काठाला टवका होता.”

आपल्या निर्दोष, कंपासने आखलेल्या काठाकडे त्यांनी पाहिले.

“होता,” ते म्हणाले. “कोणाले देताना तो भाग ती आपल्या अंगाकडे धरे.”

मग ओल्या कुंचल्याने त्यांनी काठाचा रंग नखाएवढा उचलून घेतला. तेवढ्या जागी कोरा कागद उघडा पडला.

“टवका उडालेला माल इतवारीत कोण ठेवते, ताई?”

पाकळ्यांचे त्यांनी पुन्हा विचारले नाही. चौकट माझ्यापुढे सरकवली. मी सही केली.

या शनिवारी त्यांची सायकल दिवसभर जिन्याखालीच होती.