सोळा मेचं बुकिंग

स्वतःच्या मुलीचं लग्न स्वतःच्याच मंगल कार्यालयात ठरलंय, हे राधाकिशनरावांना आष्टीच्या मेव्हण्याच्या फोनवरून कळलं.

"दाजी, आमी काय परके हाव का? तुमच्या वेबसाइटवर सोळा मेला आरोहीचं लगीन हाय आन् आमाला पत्ताच न्हाई!"

युसूफ वडगाव या गावातल्या त्यांच्या कार्यालयाची वेबसाइट होतीच. तिच्यावर ऑनलाइन बुकिंगचं कॅलेंडर नुकतंच बसवलं होतं. राधाकिशनरावांनी ते उघडलं. सोळा मेच्या लाल चौकटीत ठसठशीत लिहिलेलं: आरोही व हनुमान.

हनुमान म्हणजे त्यांचाच मंडपवाला. हा गडी घरी आला की दुसऱ्यांदा चहा का मागतो, हे त्यांना आता उमगलं. त्यांनी लगेच फोन लावला.

"सोळा मेला काय हाय बे?"

"मला काय म्हाईत, मालक? तुमी सांगाल तसा मंडप टाकू."

एवढं साळसूद बोलणं राधाकिशनरावांना जास्तच खटकलं. त्यापेक्षा पोरीनं आपल्याला एका शब्दानं सांगितलं नाही, याचं जास्त वाईट वाटलं. त्यांनी बायकोला, तुळजाबाईंना, खरं काय ते विचारायला आरोहीच्या खोलीत पाठवलं आणि वेबसाइट करणाऱ्या अनिलला बोलावून घेतलं.

अनिल लॅपटॉप उघडून घाम पुसू लागला. "काका, कॅलेंडर मी न्हाई लिवलं. एआयला सांगितलं, त्यानंच समदा कोड लिवून दिला. चालतंय का बघाया चार खोटी लग्नं टाक म्हणलं, तर त्यानं 'आमची माणसं' या पानावरची नावं उचलून जोड्या लावल्या. मी काढायचं इसरलो."

"खोटं कावून बोलतू? त्याला पढवलं कुणी?"

"हे बघा की!" अनिलनं वीस मेची चौकट दाखवली: तुळजाबाई व उत्तरेश्वर.

उत्तरेश्वर कार्यालयाचा आचारी. ते दोनदा वाचून राधाकिशनराव पोट धरून हसत सुटले.

तेवढ्यात आरोही बाहेर आली. मागे तुळजाबाई.

"अण्णा, आईला समदं सांगितलंय. पण हनुमान न्हाई. अमरसिंह. परळीचा हाय, माझ्यासंगं बँकेत."

हसणं जागच्या जागी थांबलं. राधाकिशनरावांनी रागवायचा प्रयत्न करून पाहिला, पण जमेना. उशिरा का होईना, पोरीनं सांगितलं होतं. इकडे अनिल चौकट पुसायला निघाला होता.

"थांब बे," ते म्हणाले. "सोळा तारीख राहू दी. नवरदेवाचं नाव तेवढं बदल. आन् ते वीस मेचं आदी खोड!"

डोळे पुसत तुळजाबाई लॅपटॉपवर वाकल्या. वाचून म्हणाल्या, "राहू द्या की त्ये बी. माझा सैपाकाचा ताप तरी सुटंल."