नारळाचे ठोके

“तुमच्याकडे फ्रिज दुरुस्त करणारा येतो ना? तसा माझ्या काळजात येऊन गेला!” मुलुंडच्या त्या सोसायटीत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सुंदराबाई हे ऐकवायच्याच. आधी हे, चहा मागाहून.

दोन वर्षं त्यांचं काळीज बेताल धडधडत होतं. शिमग्याच्या ढोलासारखं म्हणावं, तर ढोलाला ताल तरी असतो! हे म्हणजे स्टीलचा डबा जिन्यावरून गडगडत जावा तसं. शेवटी डॉक्टर गंधालीने जांघेतल्या शिरेतून तार घातली, ती थेट हृदयापर्यंत नेली आणि आतली खोडकर जागा भाजून काढली. छातीला ना टाका, ना पट्टी! सुंदराबाई शाळेत गेल्या त्या तिसरीपर्यंत, पण हे सांगायला लागल्या की समोरचा इंजिनीअरसुद्धा कप हातात धरून बसायचा. सांगता सांगता त्या स्वतःच थक्क व्हायच्या.

“एवढीशी पोर ती! माझ्या काळजाक डाग दिल्यान, आणि हात म्हणून थरथरलो नाय!”

या गोष्टीला पाच आठवडे झाले होते. येत्या शुक्रवारी गावच्या सातेरीची जत्रा. चौतीस वर्षांत देवीची ओटी सुंदराबाईंच्या हातून चुकली नव्हती. डॉक्टरांची ना नव्हती, पण मुलगा निलेश आईच्या वरताण हट्टी. त्याने आईच्या मनगटावर एक घड्याळ बांधलं.

“आई, हे तुझे ठोके मोजतं. आकडे माझ्या फोनवर येतात. शुक्रवारपर्यंत सगळं नीट दिसलं तर गाडी काढतो. एक जरी आकडा वेडावाकडा आला, तर जत्रा कॅन्सल!”

“आणि आंघोळीक?”

“तेव्हाही काढायचं नाही.”

“मेल्या, आईच्या आंघोळीवर पाळत ठेवतंस?”

बुधवारी दुपारी सुंदराबाई ओटीचं सामान काढायला बसल्या आणि छातीत फडफडलं. पिशवीत चिमणी कोंडावी तसं. घड्याळात बघतात तर एकशे अठ्ठावीस!

त्यांच्या डोळ्यांपुढे डॉक्टर आली नाही, देवीही आली नाही. आला तो वांद्र्याच्या ऑफिसात फोन घेऊन बसलेला निलेश. सुंदराबाईंनी झटकन घड्याळ काढलं आणि खाटेवर तोंड उघडं टाकून झोपलेल्या नानांच्या, म्हणजे नवऱ्याच्या, हातात चढवलं.

दोन मिनिटांत फोन. “आई, सत्तेचाळीस? चक्कर येतेय का?”

“देवाचं नाव घेत बसलंय. शांत वाटता.”

तेवढ्यात नाना जागे झाले. “माझ्या हाताक काय बांधतंस गे? बायलेन घोवाक राखी?” म्हणत त्यांनी त्याच हाताने पाठ खाजवायला घेतली, ती दणादण! घड्याळ एकशे एकतीसवर!

पुन्हा फोन. “आई! आता काय झालं?”

“तुझे बापूस उठले,” सुंदराबाई म्हणाल्या. निलेशला ते पटलं.

नानांचा भरवसा नव्हता. सुंदराबाईंची नजर ओटीच्या नारळावर गेली. पट्टा पुरेना, म्हणून घड्याळ नारळावर दाबलं आणि आकडा तेवढा उघडा ठेवून पट्ट्यावरून ओटीचा लाल खण करकचून बांधला. गप पडून राहणारं घरात तेवढंच एक होतं.

घड्याळाखाली हिरवा दिवा लुकलुकला. आकडा आला. शहात्तर!

सुंदराबाई बघतच राहिल्या. पुन्हा शहात्तर. मग अठ्ठ्याहत्तर. त्यांचे हात आपोआप जोडले गेले. “सातेरी माऊली! नारळ जितो आसा!”

निलेशचा मेसेज आला. नानांनी वाचून दाखवला. “झकास, आई!”

एवढ्यात समोरच्या नलिनीबाई वाटी परत द्यायला आल्या. त्यांनी लाल खणात बांधलेला नारळ पाहिला, लुकलुकता दिवा पाहिला, आकडा पाहिला. वाटी खाली पडली.

“गो बाय माझे! नारळाक ठोके!”

खरं सांगायचं तर घड्याळ तिथे का, हेही सांगावं लागलं असतं. सुंदराबाईंनी पुन्हा नारळाला हात जोडले. नलिनीबाईंनी व्हिडिओ काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला.

अर्ध्या तासात दाराबाहेर चपलांचा ढीग! कुणी कुंकू वाहिलं, कुणी पेढा ठेवला. नाना बनियनवरच दारात उभे राहून “एकेक करा, एकेक करा” म्हणू लागले. सेक्रेटरी श्यामसुंदर वाकले आणि आकडा एकदम ब्याण्णववर गेला.

“देव चिडलो!” नलिनीबाई ओरडल्या. “लिफ्ट कधी चालू करतास, ता सांगा आधी!”

श्यामसुंदरांनी देवासमोर सोमवारचा वायदा केला.

आणि रांग बाजूला सारत निलेश आत आला. व्हिडिओ त्यालाही पोचला होता. त्याने नारळाकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई, तासाभरापूर्वी मी ऑफिसात सगळ्यांना आकडे दाखवले. म्हटलं, बघा माझ्या आईचं काळीज! ते नारळाचं होतं?”

रांगेतल्यांनी जोडलेले हात सोडले.

“मग तुझं कुठे होतं?” त्याचा आवाज फाटला.

सुंदराबाई हळूच म्हणाल्या, “फडफडत होता रे. जत्रा चुकतली म्हणान लपवलंय.”

निलेशने तिथल्या तिथे डॉक्टर गंधालीला फोन लावला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आजी, भाजलेली जागा अजून भरतेय. पहिले तीन महिने असं मधूनच होऊ शकतं. म्हणजे काम फुकट गेलं असं नाही. पण लपवलंत तर मला कसं कळणार? मी नारळाची डॉक्टर नाही. उद्या सकाळी या.”

दुसऱ्या दिवशी छातीला वायरी लावून ईसीजी काढला. कागदावर ठोके कसे, तर रांगोळीच्या ठिपक्यांसारखे, सारख्या अंतरावर! सुंदराबाईंनी त्या कागदावरून बोट फिरवलं. “ह्या माझा?” त्यांनी तीनदा विचारलं. डॉक्टर म्हणाली, “तुमचंच. जत्रेला जा. गोळ्या चुकवू नका, जड उचलू नका. आणि घड्याळाचं काय, उजेड टाकायचा आणि परत आलेला मोजायचा! कणकेच्या गोळ्यावर बांधलं तरी ते काहीतरी आकडा सांगेल.”

हे शेवटचं सुंदराबाईंनी सोसायटीत कुणाला सांगितलं नाही. नारळ मांडीवर घेऊन त्या गावी गेल्या. शुक्रवारी ओटी भरली, डोळे भरून आले. गुरवाने नारळ वाढवला.

आतून पार कुजका निघाला!

शहात्तर ठोक्यांचा, आख्ख्या सोसायटीने पाया पडलेला नारळ! निलेशने आईच्या मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं आणि आपली बोटं तिच्या नाडीवर ठेवली.

परत आल्यावर नलिनीबाईंनी दारातच गाठलं. “नारळाचा काय झाला गो?”

“देवीन ठेवून घेतल्यान,” सुंदराबाई म्हणाल्या, आणि कधी नव्हे ते आधी चहा टाकायला आत गेल्या.