विहिरीला वळसा घालून घरी

सकाळी नऊला पाच मिनिटं कमी असताना आमचे शेजारी उल्हासबाब इस्त्रीचा शर्ट, काळे बूट आणि खांद्याला बॅग अशा थाटात मागच्या दाराने घराबाहेर पडतात, विहिरीला वळसा घालतात आणि पुढच्या दाराने आपल्याच घरात शिरतात. म्हणजे ऑफिसात पोचतात.

हे मी दोन वर्षं बघतेय. माझी स्वयंपाकघराची खिडकी त्यांच्या विहिरीकडे उघडते, त्यात माझा दोष नाही. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईने दिवसभर बघायचं तरी काय?

उल्हासबाब एका वाहतूक कंपनीत आहेत. कंपनीचा कुठला ट्रक कुठे पोचला, यावर लक्ष ठेवायचं. आधी ते आमच्या इब्रामपूरहून सकाळची बस धरून पणजीला जात आणि दिवेलागणीनंतर परतत. मग कंपनीने पणजीतली जागा सोडली आणि घरूनच काम करा म्हणून सांगितलं. दुसरा कोणी असता तर लुंगीवर बसला असता. यांनी पुढच्या खोलीत टेबल टाकलं, आतल्या दाराला कडी घातली आणि बायकोला बजावलं, "सुषमा, नऊ ते सहा मी हापिसात आसतंय. घरात नाय."

कडी म्हणजे कडी. दाराच्या पलीकडे गरम आमटी उकळत असायची आणि हे टेबलावर सकाळचा डबा उघडून गार भात जेवायचे. काही निकड आलीच तर सुषमाने फोन करायचा. मग हे पुण्याच्या साहेबांना अदबीने सांगणार, "सर, एक मिनिट, घरून फोन आहे." घर दहा पावलांवर!

एकदा मी अळू द्यायला चुकून पुढच्या दारी गेले. उल्हासबाबांनी वर बघितलं आणि म्हणाले, "काकी, सुषमा घराक आसा. मागल्या दारान जावा." अळू त्यांच्या डोक्यावर ठेवून यावं, असं मला वाटलं होतं.

दिवसभर ट्रकवाल्यांना 'कहाँ पहुँचे?' विचारून त्यांच्या जिभेला तेच वळण पडलं होतं. मुलगी वही घेऊन बसली की "तन्वी, अभ्यास खंय पावलो?" सुषमा चुलीपुढे असली की "आमटी खंय पावली?" माझा गुडघा दुखतो हे कळल्यापासून रोज माझ्या दुखण्याचीही चौकशी. परवा गुडघ्यात होतं, आता घोट्याकडे निघालंय, असं मीही सांगून टाकायची.

खरी मजा सहा वाजता. टेबल आवरून, बॅग लावून उल्हासबाब पुढच्या दाराने बाहेर पडत, उलटा वळसा घालून मागच्या दाराशी येत आणि कडी वाजवत. आतून तन्वी धावत यायची. सात वर्षांची पोर, पण रोज दार उघडून "पप्पा इलो!" म्हणून अशी ओरडायची, की बाप विलायतेहून आला असावा. मग बॅगेतून एक काकण निघायचं. काकण म्हणजे बांगडीसारखा गोल, कडक पाव. "पणजीसून हाडलंय गो," असं म्हणून ते तिच्या हातात घालायचे. सकाळी भोंपू वाजवत सायकलवरून येणाऱ्या पोदेराकडून तो पाव घेऊन, इकडेतिकडे बघत बॅगेत दडवताना मी त्यांना रोज बघायची. पोर फसते म्हणून मला तिची दया यायची.

शेवटी एकदा न राहवून मी विचारलं, हा खटाटोप कशासाठी? विहिरीत बालदी सोडता सोडता ते म्हणाले, "काकी, आमचो बापूस मुंबयक नोकरेक. वर्सान एकदा, चवथीक घराक येय. तो कडी वाजवी आणि मी दार उघडी. तसो आनंद मगे खंयच गावलो नाय. आता मी दिवसभर घरातच बसलंय तर माझ्या पोरीन दार उघडूचा कोणाक?"

 मला हे आधी सुचायला हवं होतं, असं वाटलं.

गेल्या श्रावणात सुषमाला डेंगी झाला. म्हापशाच्या इस्पितळात दाखल केलं, सोबतीला तिची बहीण राहिली. उल्हासबाबांनी रजा मागितली, पण गाड्या वाटेत आहेत, दुसरं माणूस नाही, असं उत्तर आलं. दोन दिवस त्यांनी कसेबसे काढले. शाळेतून आलेली तन्वी माझ्याकडे असायची. तिसऱ्या दिवशी सकाळी तिलाही ताप भरला.

डॉक्टरांनी रक्त तपासायला घेतलं आणि रिपोर्ट संध्याकाळी मिळेल म्हणून सांगितलं. मी पेज घेऊन गेले, तर आतल्या दाराची कडी उघडी! टेबल तन्वीच्या खाटेला लावलेलं. उल्हासबाब चुरगळलेल्या बनियनवर, अनवाणी. एक हात पोरीच्या कपाळावरच्या ओल्या पट्टीवर, दुसरा कळफलकावर. तेवढ्यात साहेबांचा फोन आला, तो त्यांनी स्पीकरवर टाकला.

"सर, आज मी घरून काम करतोय," उल्हासबाब अपराध्यासारखे म्हणाले.

 साहेब म्हणाले, "अहो, दोन वर्षं तुम्ही घरूनच करताय ना?"

"नाही सर. आजच."

एरवी मी पोट धरून हसले असते. पण ते बोलता बोलता पोरीची पट्टी बदलत होते. साहेब काय समजले कोण जाणे, त्यांनी फोन ठेवला.

त्या दिवशी आम्ही दोघांनी पट्ट्या बदलल्या. "ताप खंय पावलो?" मी त्यांच्याच भाषेत विचारायची. "एकशेतीनार आडकलोसा," ते सांगायचे. मधेच सुषमाचा फोन आला. "तन्वी शाळेत गेलीसा," असं ते तिला म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मायलेकी दोघींना एकाच वेळी डेंगी झाला तर, या विचाराने मी पट्टी पुन्हा पुन्हा भिजवत राहिले.

पाचला रिपोर्ट आला. डेंगी नव्हता, साधा ताप. थोड्या वेळाने अंगही निवायला लागलं. "परतीच्या वाटेर लागलो, काकी," उल्हासबाब म्हणाले आणि खाटेच्या कडेला मटकन बसले.

सहा वाजले. तन्वीने डोळे उघडले आणि बापाकडे बघून कुरकुरत म्हणाली, "पप्पा, तू आज घराक इलंसच नाय."

सकाळपासून तिच्या उशाशी बसलेला तो माणूस उठला. शर्ट चढवला, बूट घातले, बॅग घेतली आणि पुढच्या दाराने बाहेर गेला. वळसा घालायला नेहमी मिनिट पुरतं, आज कडी वाजेना. मी त्यांच्याच खिडकीतून बघितलं. उल्हासबाब विहिरीच्या कठड्याला धरून रडत होते. मग त्यांनी तोंड धुतलं, केस सारखे केले आणि येऊन कडी वाजवली.

मी उठले तर तन्वी म्हणाली, "काकी, तू नको." माझा हात धरून, लटपटत ती दारापर्यंत गेली आणि तिनेच कडी काढली. "पप्पा इलो," बारीक आवाजात म्हणाली.

सवयीने त्यांचा हात बॅगेत गेला आणि तिथेच थांबला. बॅग रिकामी होती. "आज पणजेक काकणां गावली नाय गो," ते ओशाळून म्हणाले.

"माका खबर आसा," तन्वी म्हणाली. "पोदेराचो भोंपू वाजलो तेव्हा तू माका पट्टी लावत होतंस."

उल्हासबाब तिच्याकडे बघतच राहिले. मीही. दोन वर्षं मी कोणाची कीव करत होते, ते मला तेव्हा कळलं.

"फाल्या दोन हाडतंय," उद्याचा वायदा करत ते म्हणाले.

"खंयसून?" मी मुद्दामच विचारलं.

"पणजीसून," बापाने तोंड उघडायच्या आत तन्वीनेच मला सांगितलं.